भिंगाखालच्या बायका

मला आधी एक सांगा, विश्वास कोणावर ठेवायचा? नाण्यावर, नाणं आणून देणाऱ्यावर, का नाणं बघून "अस्सल आहे" म्हणणाऱ्यावर? वीस-बावीस वर्षं या नादात घालवली, तरी मला याचं पक्कं उत्तर सापडलेलं नाही. माणूस सरळ आणि नाणं खोटं, असं झालंय. माणूस महालबाड आणि नाणं शंभर नंबरी, असंही झालंय!

एक मात्र खरं. जुनी नाणी जमवणाऱ्याकडे नाणी थोडी आणि किस्से फार साचतात. नाणं एकदा डबीत गेलं की गप्प बसतं, किस्सा बसत नाही. चार माणसं जमली, चहा आला, की कोणीतरी म्हणतंच, "शेठ, तो मिशीचा किस्सा सांगा ना!" मंग सांगावाच लागतो.

माझं जुन्या जालन्यात तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. शिक्षण सातवी. गिऱ्हाईक फुटकी भांडी देतं आणि वर पैसे घालून नवी नेतं. त्या फुटक्या मालाला आम्ही मोड म्हणतो. मोड पोत्यानं येते आणि तिच्यात काय निघेल याचा नेम नसतो. जालना नुकताच जिल्हा झाला होता, त्या सुमाराला एका चेपलेल्या गडव्यातून चांदीचा एक तुकडा टपकन खाली पडला. शर्टाच्या बटणाएवढा. मी तो शेजारच्या खलीलभाईंकडे नेला. खलीलभाई घड्याळजी, दिवसभर डोळ्याला भिंग. त्यांनी तुकडा फिरवला, पुसला, पुन्हा फिरवला आणि म्हणाले, "शेठ, ये तो औरत है!"

हायस्कूलात इतिहास शिकवणारे वायाळ सर घड्याळ न्यायला आले होते. त्यांनीही बघितलं आणि खाली बसले. म्हणाले, "शेठ, नाण्यावर राजा असतो. फार तर देवी असते. हाडामासाच्या बाईचा चेहरा हजारात एखाद्या नाण्यावर. ही समुद्रापलीकडची, रोमची कोणी राणी असावी. दोन हजार वर्षांपूर्वी तिकडचे व्यापारी आपल्याकडचं कापड न्यायला यायचे."

दोन हजार वर्षं! आणि निघाली कुठं, तर माझ्या मोडीत!

त्याच दिवशी ठरलं. राजे कोणीही जमवतं, आपण बायका जमवायच्या. चौथा गडी आला सराफ्यातून, गणपत सोनार. दर रविवारी सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही चौघं भिंग घेऊन बसायला लागलो. आमच्या सौभाग्यवतींनी चहाचा ट्रे ठेवता ठेवता पहिल्याच रविवारी शेरा मारला, "भिंग लावून परक्या बायका बघणारा नवरा मी ऐकला नव्हता. इथं तर चौघं आहेत!"

धास्ती आम्हाला एकाच गोष्टीची होती. सोनाराच्या मुशीची. चांदी म्हटली की लोक वजन बघतात, चेहरा कोण बघतो? आम्ही आठ दिवस उशिरा पोचलो, की राणीची जोडवी झालेली असायची.

*

"जालन्याचा भांडेवाला बाईच्या नाण्याला जास्त पैसे देतो," ही बातमी बाजारोबाजारी पसरली. मंग काय! इंग्रजांच्या वेळचे राणीछाप रुपये घेऊन माणसं यायला लागली. कनवटीला लावून, रुमालात बांधून. प्रत्येकाला समजावून सांगता सांगता माझा घसा बसला, की बाबा, ही राणी घरोघरी आहे, हिच्याआधीची पाहिजे.

एक दिवस घनसावंगीकडचा एक गडी जीपमधून उतरला आणि तडक गल्ल्यापाशी आला. "शेठ, लई जुनी बाई आणली. राजाच्या आज्जीच्या आधीची!"

नाणं चांदीचं, जुनं. त्यात खोट नव्हती. चेहरा बाजूनं कोरलेला, मानेवर रुळणारे केस. मी हरखलोच. खलीलभाईंना हाक मारली. त्यांनी भिंग लावलं, नाणं उजेडाकडे धरलं. मंग हळूच विचारलं, "मियाँ, इनकी हजामत किसने की?"

गड्याचं तोंड उतरलं. नाकाखाली कानशीच्या बारीक रेघा स्पष्ट दिसत होत्या. राजाची चांगली झुबकेदार मिशी घासून त्याची राणी केलेली! मूळ मिशीसकट आणलं असतं तरी मी त्याला बरी किंमत दिली असती. तेच त्याला सांगितलं. तो खाली मान घालून उभा राहिला, मंग मान वर करून म्हणतो कसा, "मंग असं करा शेठ, मिशीचे पैसे कापून घ्या!"

घेतलं ते नाणं. एवढ्या अकलेच्या माणसाला रिकाम्या हातानं कसं पाठवणार?

*

वायाळ सरांची आई आमच्या सगळ्यांची आई. हाताला चव, जिभेला धार. सरांनी एकदा पदरचा खर्चा करून तांब्याचं एक नाणं मिळवलं होतं. त्यावर उभी बाई, हातात कमळ, आणि तोंडावर असं काही हसू की सर वर्गात पोरांना सांगायचे, "हसायला शिकायचं असेल तर माझ्या घरी या."

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला म्हाताऱ्या आईनं सरांच्या कपाटातली नाणी बाहेर काढली. मुलाची लक्ष्मी अशी काळी, कळकट कशी पुजायची? म्हातारीनं चिंच घेतली, राख घेतली आणि दुपारभर घासत बसली. संध्याकाळी सर घरी आले, तर पाटावर एक लालभडक, गुळगुळीत चकती! बाई गेली, कमळ गेलं, हसू गेलं.

सर चकती दिव्यापाशी नेऊन उलटीसुलटी करायला लागले. शेवटी आईच घाबरली.

"काय झालं रं?"

"आई, तिला नाक-डोळे होते."

"नाक होतं व्हय ते? मला वाटलं कीट हाय! म्हणलं एवढं चिवट कीट कसं काय!"

सरांनी ती चकती अजून जपून ठेवलीय. बघायला मागितली की म्हणतात, "ही माझ्या आईनं घडवलेली."

*

गोदावरीच्या काठाला शांताबाई नावाची एक झारेकरीण होती. नदीची वाळू, सोनारांच्या दुकानांपुढची माती लाकडी परातीत धुऊन सोन्याचांदीचा कण काढायचा, हा त्या लोकांचा पिढीजात धंदा. कमरेइतक्या पाण्यात उभी राहायची. हात दोन्ही परातीत गुंतलेले, मंग सापडलेलं नाणं ठेवायचं कुठं? गालात! आम्ही काठावर गेलो की ती बाहेर यायची, गाल चेपायची आणि तळहातावर दोन-तीन नाणी काढून ठेवायची. गणपत सोनार पहिल्यांदा आला तेव्हा दोन पावलं मागंच सरला.

पहिल्या खेपेला तिनं तीन नाणी दाखवली. दोन राजे आणि एक बाई. मी तिन्ही उचलायला गेलो, तर तिनं माझ्या हातावर चापट मारली.

"बाप्ये न्या. बाई अशी न्हाई जायची."

"म्हणजे?"

"लेकीबाळीला घरातून रिकामी लावून देतेत का? खण आना, नारळ आना. मी वटी भरते, मंग घिऊन जावा."

गणपत हसला. मी हसलो नाही, कारण शांताबाईचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. परत गेलो, पुढच्या खेपेला हिरवा खण आणि नारळ घेऊन आलो. तिनं नाण्याला हळदीकुंकू लावलं, खणात नारळ-तांदळाबरोबर ठेवलं आणि माझ्या ओंजळीत घातलं. वर बजावलं, "नीट सांभाळा. सारखं सारखं घासू नका तिला." तेव्हापासून हाच नेम. राजा असेल तर तसाच, बाई असेल तर ओटी भरून.

झालं असं, की वर्षभरात आमच्या सौभाग्यवतींना माझ्या खिशात कापडवाल्याच्या चार चिठ्ठ्या सापडल्या. चारही खणांच्या.

"हे खण कुणाला?"

"नाण्याला."

आता तुम्हीच सांगा, याहून खरं उत्तर कोणी दिलं असेल का? आणि याहून खोटं कुणाला वाटलं असेल? दोन दिवस घरात नुसता भांड्यांचा आवाज. तिसऱ्या दिवशी बाईसाहेब माझ्याबरोबर बसमध्ये. "बघू तरी कोण हे नाणं!"

नदीकाठी उतरलो. शांताबाई पाण्यातून बाहेर आली, गाल चेपून एक नाणं काढलं. आमच्या मंडळींनी डोळे विस्फारले. मंग दोघी जणी वाळूत बसल्या आणि मला पार विसरल्या. तासाभरानं आमच्या सौभाग्यवती उठल्या ते ओटी घेऊनच. परतीच्या बसमध्ये अंबड मागं पडल्यावर बोलल्या, "पुढच्या वेळी दोन खण न्या. नाण्याला नेता आणि त्या बाईला काहीच नेत नाही. शरम न्हाई वाटत?"

*

एकदा लांबच्या शहरातून एक बडे संग्राहक आले. पांढरी मोटार, पांढरे बूट. आमच्याकडे तेव्हा राजा आणि राणी एकमेकांसमोर उभे असलेलं एक सोन्याचं नाणं बघायला आलेलं होतं, एका ओळखीच्या घरातलं. साहेबांनी ते दोन मिनिटं बघितलं आणि ट्रेमध्ये टाकलं.

"नकली आहे. पण असू द्या, पोरांना खेळायला नेतो. पाचशे देतो."

मी काही बोलायच्या आत खलीलभाईंनी नाणं उचलून कागदात बांधलं. अगदी अदबीनं म्हणाले, "नाही साहब, नकली माल आपके घर में? हमसे ये गुनाह नहीं होगा!"

साहेब हजारावर गेले, दोन हजारांवर गेले. खलीलभाई प्रत्येक आकड्याला कानाला हात लावून "तौबा, तौबा, आपकी बदनामी होगी" म्हणत राहिले. शेवटी साहेब चहा न घेताच निघाले. मोटार गल्लीबाहेर गेल्यावर मी विचारलं, "खलीलभाई, खरंच अस्सल आहे का हो?"

"मुझे क्या मालूम? लेकिन साहब को मालूम है!"

*

मुलींच्या एका शाळेत सरांनी आमच्या नाण्यांचं प्रदर्शन भरवलं. काचेच्या पेटीत सगळ्या बायका ओळीनं मांडल्या. सर माहिती सांगत होते, मुली माना उंचावून बघत होत्या. पाचवी-सहावीतली एक चुणचुणीत मुलगी हात वर करून उभी राहिली.

"सर, इतक्या राण्या आहेत, मंग एक बी का हासत न्हाई?"

खलीलभाई मागून म्हणाले, "बेटी, इनाम का फोटो काढताना तू हसते का? हेडमास्तर बाजूला उभे असतात ना!"

सगळ्यात आधी हेडमास्तर हसले.

*

आता धावड्याचा किस्सा. हा मी शेवटी सांगतो, कारण याच्यानंतर मला दुसरं काही सांगता येत नाही.

भोकरदनच्या बाजारात मी भांड्यांचं दुकान लावायचो. एका बाजारी एक बाई कळशी निवडायला वाकली आणि तिच्या गळ्यातून काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक नाणं बाहेर लोंबलं. माझ्या हातातला तराजू तसाच राहिला. चांदी, आणि तिच्यावर बाईचा चेहरा! इतका स्वच्छ, की जणू काल छाप मारला असावा. सरळ नाक, केसांच्या लाटा आणि मागं गुंडाळलेला अंबाडा. आमच्या सगळ्या संग्रहात असा चेहरा नव्हता. वर फक्त एक बारीक कडी डकवलेली.

"मावशी, हे गळ्यातलं काय आहे?"

"ही? ही माझी सवत."

बाईचं नाव गिरजाबाई, गाव धावडा. नवऱ्याची पहिली बायको तुळसा बाळंतपणात गेली, मागं तान्ही पोर. मंग गिरजाबाई दुसरेपणावर आल्या. आपल्याकडे रीत आहे, दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे पहिलीचा मुखवटा उठवलेला चांदीचा छोटा पत्रा. नवं लुगडं आधी तिच्या अंगाला लावायचं, सणाचा घास आधी तिला दाखवायचा. लग्न घाईत ठरलं, सोनाराला टाक घडवायला वेळ नव्हता. त्यानं आपल्या डब्यातून हे जुनं नाणं शोधलं. "बाईचं तोंड हाय ना? बास झालं!" म्हणाला आणि कडी लावून दिली. समुद्रापलीकडची राणी अशी धावड्याच्या शेतकऱ्याची थोरली बायको झाली!

मी किंमत बोललो. गिरजाबाईंनी हातातली कळशी खाली ठेवली.

"सवत इकू? येडे झाले का शेठ? आधी तुमची बायकू इका, मंग माझ्या सवतीचा भाव करू!"

अख्खा बाजार हसला. पण मी व्यापारी माणूस, एका नकारानं उठत नसतो. दर वर्षी धावड्याला जायचो, किंमत वाढवायचो. त्या चहा पाजायच्या आणि नाही म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "मीठ जास्त पडलं तर हिलाच शिव्या देते मी. पोरगी तापली तर हिलाच बोलते, की तुझी लेक हाय, तू बघ. धनी गेले, तवा मी हिच्याशीच भांडले. आता हिला बी इकली तर बोलू कोनाशी?" खलीलभाई दर रविवारी चिडवायचे, "शेठ, सवत का कुछ जमा?"

अशी पंधरा-सोळा वर्षं गेली. मंग एका सकाळी दुकानाच्या पायरीशी रिक्षा थांबली. गिरजाबाई उतरल्या, काठी टेकत. बरोबर चाळिशीच्या पुढची एक बाई. ती सुमन, पहिलीची मुलगी. गिरजाबाईंनीच वाढवलेली, आता जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. रविवार होता, आम्ही चौघंही मागच्या खोलीत होतो.

गिरजाबाई टेकल्या, पाणी प्याल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. "माझं काय खरं न्हाई आता. पुतणे इचारत्यात, काकू, गळ्यातलं किती ग्रॅमचं? मी गेले की आधी दोरा तोडतेत आन् सोनाराकडं पळतेत. भोकरदनला ऐकलं, तुमची एक वही हाय म्हणं."

वही आहे. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. सराफ्यात तोवर एक रिवाज पडून गेल्ता, गणपतनं पाडलेला. नाणं कुणाचंही असो, मी घेवो न घेवो, त्याची नोंद या वहीत करायची. आणि नोंद असलेलं नाणं जालन्या-भोकरदनचा कोणताही सोनार मुशीत घालणार नाही. कोणी विकायला आणलंच, तर आधी मला निरोप. लेखी काही नाही, पण पाळतात बराबर.

"मावशी, इकायला आल्या का?" गणपतनं विचारलं.

"न्हाई. ही सुमनच्या गळ्यात जाईल. तुमी फकस्त लिवून ठिवा, म्हंजे हिला कोनी जाळनार न्हाई."

खरं सांगतो, पंधरा वर्षं ज्याच्या मागं हिंडलो, ते माझ्या गादीवर येऊन माझ्या डोळ्यांसमोरून परत जाणार होतं. पण वही काढली.

गिरजाबाईंनी दोरा मानेवरून काढला. त्यांच्या गळ्यावर नाण्याएवढी गोल कातडी उजळ राहिली होती. खलीलभाईंनी भिंग लावलं आणि "सुभानअल्ला" म्हणाले. सुमन हळूच म्हणाली, "काका, आईचा फोटो न्हाई. शाळेत 'माझी आई' चित्र काढायला सांगितलं, की मी हेच काढायचे. आमच्या बाई विचारायच्या, अगं, असा कसला अंबाडा?" मंग जरा लाजून तिनं मान बाजूला वळवली. "नाक बघा, माझं तसंच आहे ना?"

आम्ही चौघांनीही बघितलं. चौघांनीही माना डोलावल्या. वायाळ सरांनीसुद्धा!

मी लिहिलं. चांदी, वजन अमुक, कडी लावलेली. छाप: रोमची राणी, नाव अज्ञात. मुक्काम: धावडा.

"काय लिवलं, वाच गं," गिरजाबाई म्हणाल्या. सुमननं वाचलं.

"कोन रानी?"

सरांनी त्यांना नीट समजावलं. समुद्र, जहाजं, कापड, दोन हजार वर्षं. गिरजाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मंग नाणं पदरानं पुसलं, दोरा पुन्हा गळ्यात घातला आणि काठी हातात घेतली.

"असंल बापा, तुमी शिकलेले. पन इतक्या वर्सात ती रानी कधी माझ्या चुलीपाशी आली न्हाई. तुळसा आली. लेकराच्या तापात बसली, माझ्या शिव्या खाल्ल्या. शेठ, तुमी व्यापारी मानूस. हिसाब खरा ठिवा. ते अज्ञात खोडा, आन् जिचं हाय तिचं नाव लिवा."